दाणा टाकणाऱ्याने राखणही करावी

मांजर पाळणाऱ्याला अंगणातल्या पाखरांचाही आनंद घेता येतो का, हा प्रश्न बहुतेक वेळा भांडणाच्या सुरात विचारला जातो. पक्षिप्रेमी म्हणतात, मांजर मोकळे सोडले की परिसरातली पाखरे संपलीच समजा. मांजरवेडे म्हणतात, शिकार हा मांजराचा स्वभावच, त्यात माणसाने पडू नये. रिसोड तालुक्यातले रिठद किंवा वाशिम जिल्ह्यातले त्याच्यासारखे कुठलेही शेतीचे गाव डोळ्यांपुढे ठेवले, तर ही दोन्ही उत्तरे तोकडी पडतात. इथे मांजर हौसेपेक्षा गरजेपोटी घरात येते. सोयाबीनची पोती, तूर, हरभरा, गुरांची ढेप, कुटाराची खोली; जिथे धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे मांजर. चिमण्या, होले, साळुंक्या येतात त्या त्याच धान्याच्या सांडलवंडीवर आणि त्यातल्या किड्यांवर. मांजर आणि पाखरे दोघांनाही आपल्या दारात आणणारे धान्य एकच आहे.

मांजरांमुळे पाखरांचे नेमके किती नुकसान होते, ते कशाने कमी होते आणि त्यातले वऱ्हाडातल्या अंगणाला काय लागू पडते, हे एकदा नीट मांडून पाहायला हवे. माझे म्हणणे आधीच सांगतो. दोघे एका घरात सुखाने नांदू शकतात, पण ती जबाबदारी मांजरावर टाकता येत नाही. ज्याने दाणा टाकून पाखरांना बोलावले, राखणही त्यानेच करायची.

धान्यामागे आलेला सोबती

जगभरची पाळीव मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली, हे २००७ साली झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर माणसाच्या दफनाशेजारी पुरलेले एक मांजर सापडले, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे. शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, उंदीर वाढले आणि त्यांच्या मागोमाग मांजर माणसाच्या वस्तीत शिरले. कुत्र्याला माणसाने राखणीसाठी, शिकारीसाठी, मेंढरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवले. मांजराला तसे कुणी फारसे घडवले नाही. त्याची शिकारीची ओढ जवळपास जशीच्या तशी राहिली. म्हणूनच पोट भरलेले मांजरही हलणाऱ्या शेपटीमागे धावते.

आपल्याकडे मांजराचा आहार म्हणजे दूध-भाकर, दूध-पोळी, उरलासुरला भात. मांजर मात्र पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. डोळे आणि हृदय नीट राहण्यासाठी त्याला टॉरिन नावाचा घटक लागतो आणि तो मांसातूनच मिळतो. शिवाय मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना हगवण लागते. तरी गावोगाव एक समज पक्का आहे: मांजराला फार खाऊ घातले तर ते उंदीर धरत नाही. उपाशी मांजर उंदीर धरेल हे खरे, पण ते निवड करत बसत नाही. जे सोपे सापडेल ते धरते, आणि दिवसाउजेडी अंगणात सोपे सापडते ते बुलबुलाचे पिल्लू.

उंदरांच्या बाबतीतही मांजराकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात ७९ दिवस कॅमेरे लावून मोठ्या उंदरांवर आणि तिथल्या भटक्या मांजरांवर नजर ठेवली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांजरांनी मारलेले उंदीर भरले फक्त दोन. घरातल्या लहान उंदरांना मांजर आटोक्यात ठेवते, त्याच्या वासानेही ते दबून राहतात. पण गोठ्याखाली बिळे पाडणाऱ्या घुशीपुढे मांजर सहसा जात नाही. ते काम गव्हाणी घुबड आणि धामण अधिक चांगले करतात. त्या दोघांनाही आपण घाबरून मारतो, हे आपलेच नुकसान.

अंगणात कोण येते, धोका कोणाला

वऱ्हाडातल्या अंगणातली सगळी पाखरे मांजराच्या तावडीत सारखी सापडत नाहीत. कोण कुठे चरते आणि कुठे घरटे करते, यावर ते ठरते. राघू शेंड्यावर बसतात, कोतवाल तारेवर बसून उडते किडे टिपतो, शिंजीर जास्वंदीच्या फुलापुढे क्षणभर थरथरतो आणि निघून जातो. यांना धोका कमी. जमिनीवर उतरून दाणा वेचणाऱ्या चिमण्या, होले आणि मुनिया, पाचोळा उलटणारे सातभाई, कुंपणाच्या बुडाशी शेपटी उभी करून फिरणारा चीरक, यांना धोका जास्त. बुलबुल आणि शिंपी कमरेएवढ्या उंचीवरही घरटे करतात. मेहंदीचे कुंपण, मधुमालतीचा वेल, लिंबाचे झाड, कधी तर दारातली कुंडीही त्यांना चालते.

खरा धोक्याचा काळ आहे पिल्ले घरट्याबाहेर पडण्याचा. बुलबुलाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत घरटे सोडतात, आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसते. पुढचे काही दिवस ती खालच्या फांदीवर, कुंपणात, कधी जमिनीवर बसून ओरडत राहतात आणि आईबाप किडे आणून भरवतात. त्यांचा प्रत्येक आवाज मांजराच्या कानी पडतो. वर्षभरात जेवढे नुकसान होते, त्यातले पुष्कळसे या थोड्या दिवसांत होते. म्हणून वर्षभर मांजराच्या नावाने शंख करण्यापेक्षा हे दिवस सांभाळणे मोलाचे.

चिमणीचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी स्थापन केलेल्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन साजरा होऊ लागला आणि चिमण्या कमी झाल्याची हळहळ घरोघर पोचली. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा २०२० चा अहवाल सांगतो, की देशभर पाहता चिमणीची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण टिकून आहे. घट दिसते ती मुंबईसारख्या महानगरांत. गावातली चिमणी अजून आपल्या हाती आहे. पण तिचे घर आणि अन्न दोन्ही बदलले. धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींत, लाकडी तुळयांच्या खोबणींत, कौलांखाली तिला जागा होती. सिमेंटच्या सपाट भिंतीत आणि तापणाऱ्या टिनांखाली ती राहिली नाही. वऱ्हाडात ज्वारीचा पेरा घटला आणि त्या जागी सोयाबीन आले. ज्वारीचे कणीस चिमणीचे ताट होते, सोयाबीनचा दाणा तिच्या कामाचा नाही. चिमणीची पिल्ले तर दाण्यावर जगतच नाहीत, त्यांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच लागतात. फवारणीने ते कमी होतात. हा सगळा हिशेब बाजूला ठेवून चिमणी मांजराने खाल्ली असे म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे. मांजर यात अगदी संन्यासी नाही हेही खरे.

जगातली मोजदाद

मांजरांच्या शिकारीचे मोठे आकडे परदेशातले आहेत. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार मोकाट फिरणारी मांजरे वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात. त्यातला बहुतांश वाटा बेवारस मांजरांचा, घरच्यांचा कमी. ऑस्ट्रेलियातला २०१७ चा अंदाज वर्षाला ३७.७ कोटी पक्ष्यांचा, आणि त्यात पाळीव मांजरांचा वाटा सुमारे सहा कोटींचा. ब्रिटनमध्ये १९९७ च्या उन्हाळ्यात मांजरमालकांनी घरी आणलेल्या शिकारीची नोंद ठेवली. त्यावरून पाच महिन्यांत २.७ कोटी पक्षी असा अंदाज निघाला. तरीही तिथली पक्षी संरक्षणाची सर्वांत मोठी संस्था, आर. एस. पी. बी., असे म्हणते की मांजरांमुळे देशातल्या पक्ष्यांची एकूण संख्या घटते आहे याचा स्पष्ट पुरावा नाही. मांजराच्या तोंडी जाणाऱ्यांत आजारी आणि अशक्त पाखरे बरीच असतात, असेही तिथल्या अभ्यासकांना आढळले.

बेटांवरची गोष्ट मात्र निर्विवाद आहे. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर दीपगृह उभे राहिले, माणसांबरोबर मांजरे आली, आणि जवळजवळ न उडणारा तिथला एक इवलासा पक्षी १८९४ साली जगाला माहीत होतो न होतो तोच काही वर्षांत नामशेष झाला. जिथे हजारो वर्षे मांजरकुळातला प्राणीच नव्हता, तिथल्या पाखरांना त्याच्यापासून पळणे ठाऊक नव्हते.

आपली पाखरे तशी अजाण नाहीत. आपल्या शिवारात रानमांजर म्हणजे बाऊल आहे, मुंगूस आहे, धामण आहे, वरून झडप घालणारा शिक्रा आहे. महाराष्ट्रात वाघाटीही आहे, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. त्यांच्या शेजारी वाढलेल्या पाखरांना मांजर दिसताच इशारा कसा द्यायचा हे कळते. ऑस्ट्रेलियाचा आकडा उचलून रिठदच्या अंगणाला लावणे म्हणूनच चुकीचे. पण त्यावरून निर्धास्तही होऊ नये. बाऊल मोठा इलाखा धरून राहतो. पाळीव मांजरे मात्र माणसाच्या अन्नावर एकेका गल्लीत दहा-दहा जगतात. निसर्गात शिकारी इतके दाट कधीच नसतात.

जर्मनीतल्या वॉलडॉर्फ या लहान शहरात यावर फार कडक उपाय झाला. तिथे तुरेवाल्या चंडोलांची मोजकीच जोडपी उरली होती आणि चंडोल जमिनीवर घरटे करतो. २०२२ साली प्रशासनाने शहराच्या एका भागातली मांजरे ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवण्याचा आदेश काढला, मोडल्यास ५०० युरो दंड. लोक चिडले, कोर्टाच्या गोष्टी झाल्या. मुळात उघड्या माळावर राहणारा हा चंडोल आपल्याकडेही आहे, आणि आपल्याकडे त्याला अजून कोणा फर्मानाची गरज पडलेली नाही. ती पडू नये एवढे आपण आजच करू शकतो.

घंटेपासून काट्यांपर्यंत

मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा उपाय खरोखर तपासला गेला आहे. २००५ च्या ब्रिटिश अभ्यासात घुंगरू बांधलेल्या मांजरांनी घरी आणलेले पक्षी ४१ टक्क्यांनी घटले. २०२१ साली एक्सेटर विद्यापीठाने २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर केलेल्या अभ्यासात घुंगराचा काहीच परिणाम दिसला नाही. घंटेवर विसंबू नये, एवढे यातून कळते. बांधायचीच असेल तर झटक्यासरशी सुटणाऱ्या पट्ट्यात बांधावी. सुतळीने गळ्यात बांधलेले घुंगरू फांदीत अडकले तर मांजराचाच जीव जातो.

एक्सेटरच्याच अभ्यासातल्या दुसऱ्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. ज्या मांजरांना धान्याऐवजी मांसाचे प्रमाण भरपूर असलेले अन्न दिले, त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांच्याशी घरच्यांनी रोज पाच-दहा मिनिटे खेळ केला, त्यांची २५ टक्क्यांनी. याला महागडे पाकीट लागत नाही. उकडलेले अंडे, सुकट, कोंबडीचे मीठ-मसाला न लावलेले तुकडे दिले, एखाद्या काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून पोराबाळांनी संध्याकाळी त्याला दमवले, तरी बरेच साधते. ज्या घरात मांसाहार चालत नाही तिथे अंडे तरी द्यावे, किंवा मांजरासाठी बनवलेले तयार खाद्य आणावे. मांजर पाळायचे आणि त्याला शाकाहारी करायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे आणि त्याची किंमत पाखरे मोजतात.

वेळेचेही भान हवे. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीला सर्वांत तत्पर असते; पाखरेही नेमकी तेव्हाच जमिनीवर उतरतात. गावातले मांजर चोवीस तास कोंडून ठेवणे ना शक्य ना इष्ट. पण रात्री त्याला धान्याच्या किंवा कुटाराच्या खोलीत ठेवले आणि सकाळी ऊन वर आल्यावर सोडले, तर त्याचे उंदराचे कामही होते आणि पाखरांची न्याहारीही. घरट्यातली पिल्ले बाहेर पडतील त्या आठवड्यात मांजर शक्य तितके घरात ठेवावे. पिल्लू जमिनीवर सापडले तर घरात आणू नये, उचलून जवळच्या फांदीवर ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हा समज खोटा आहे.

दाण्या-पाण्याची जागा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय. ज्या घरी मांजर आहे त्या घरी दाणा जमिनीवर टाकू नये. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की पाण्याचे परळ लोक तुळशीजवळ जमिनीवर ठेवतात. भावना चांगली, जागा वाईट. परळ शिंक्यात टांगावे किंवा डोक्याएवढ्या उंच खांबावर ठेवावे. झुडपापासून ते निदान दोन मीटर लांब असावे, म्हणजे दबा धरायला आडोसा मिळत नाही. खांबाला मध्यावर टिनाचा पत्रा गुंडाळला की मांजराची नखे घसरतात. घरट्याच्या झाडाच्या बुंध्याशी बोरी-बाभळीच्या काट्या बांधणे ही तर आपल्या शिवारातली जुनीच युक्ती. पिकासाठी घालतो तसे कुंपण महिनाभर बुलबुलासाठी घालायचे. ज्वारीच्या कणसांचा जुडगा ओसरीच्या आड्याला टांगावा, भिंतीजवळच्या ओट्यावरून उडी पोचणार नाही इतका उंच. चिमणीची पेटी लावली तर तिच्या भोकाखाली बसायची काडी लावू नये; चिमणीला ती लागत नाही, हल्ला करणाऱ्याला मात्र आधार होतो.

मांजराने धरून सोडलेले पाखरू वरून धडधाकट दिसले तरी बहुधा वाचत नाही. मांजराच्या तोंडातले पाश्चुरेला नावाचे जिवाणू दाताच्या बारीकशा जखमेतूनही रक्तात जातात. अशा पाखराला अंधाऱ्या खोक्यात ठेवून लगेच पशुवैद्याकडे न्यावे, कारण त्याला प्रतिजैविक लागते. हळद लावून सोडून देणे पुरत नाही.

पिल्लांचे पोते

मांजर चार-सहा महिन्यांचे झाले की वयात येते, आणि भाटी वर्षातून दोन-तीनदा विते. घरात इतकी पिल्ले मावत नाहीत. मग ती पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात, धाब्याजवळ किंवा बाजाराच्या ठिकाणी सोडून देतात. मांजर मारल्याचे पाप लागू नये म्हणून असे केले जाते, पण त्यातली बरीच पिल्ले भुकेने आणि कुत्र्यांच्या तोंडी मरतात. जी जगतात ती शिवारात शिकार करूनच जगतात. तिथे टिटवी, तित्तर, चंडोल यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात. शिवाय या मांजरांकडून बाऊल आणि वाघाटी यांच्याकडे आजार जातात. परदेशी आकड्यांतला मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे, आणि बेवारस मांजरे तयार होतात ती अशी. नसबंदी हाच त्यावर माणुसकीचा मार्ग. तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाही आहे. रेबीजची लस त्याच फेरीत टोचून घ्यावी. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा.

पाखरांकडून मांजराकडेही आजार येतो. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांना बर्ड फ्लू झाल्याचे आढळले. त्याच महिन्यात उदगीरला कावळे त्याने मेले, आणि फेब्रुवारीत खुद्द वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात, हजारो कोंबड्या दगावल्या. अंगणात पाखरू आपोआप मरून पडलेले दिसले तर ते मांजराच्या तोंडी लागू देऊ नये, उघड्या हाताने उचलूही नये. चार-पाच एकदम मेलेली दिसली तर पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

आणि मांजरापासून वाचवायच्या नावाखाली पाखरू पिंजऱ्यात घालू नये. पोपट, मुनिया यांसारखे देशी पक्षी घरात कोंडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

दोघांना एकत्र पाहण्याचा आनंद

एवढी व्यवस्था लावली की जे पाहायला मिळते ते फार सुंदर असते. मांजर खिडकीत बसलेले आहे, गजांपलीकडे कडुनिंबावर साळुंकी उतरते. मांजराचे कान पुढे वळतात, शेपटीचे फक्त टोक हलते, खालचा जबडा थरथरून तोंडातून कचकच असा बारीक, तुटक आवाज निघतो. एरवी दूध मागताना ते असा आवाज कधी काढत नाही. मांजर बाहेर असेल तर पाखरांचा बंदोबस्त पाहावा. पहिली ओरडते खार, शेपटी झटकत, एकाच पट्टीत. मग बुलबुल. मग सातभाई एकामागून एक खालच्या फांदीवर उतरतात, पिसे फुलवून मांजराच्या डोक्यावर कलकलाट करतात आणि ते जिकडे जाईल तिकडे वरून चालत जातात. अंगणातल्या सगळ्यांना कळून चुकते की मांजर कुठे आहे. दबा फुकट जातो आणि मांजर कुठेतरी पाहिल्यासारखे करून ओसरीवर परत येते.

हे पाहण्याची सवय लागली की नावे कळावीशी वाटतात. मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या जंगलांत आयुष्य काढून पक्षिकोश मराठीत आणला. त्यातली कितीतरी पाखरे आपल्या कुंपणावर येऊन बसतात. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची जगभरची पक्षिगणना होते. भारत तिच्यात २०१३ पासून आहे. आपल्याच अंगणात किमान पंधरा मिनिटे बसून दिसलेली पाखरे मोजायची आणि कळवायची, एवढेच तिचे काम.

रिठदच्या आणि त्याच्यासारख्या प्रत्येक गावच्या वाचकाला एक विनंती आहे. या गणनेत भाग घ्या, आणि त्याबरोबर घरात एक साधी वही ठेवा. मांजराने काय आणले, उंदीर, पाल, चिमणी की होला, कोणत्या तारखेला, सकाळी की सांजेला, हे लिहा. ब्रिटनचा मोठा आकडा घरोघरच्या अशाच नोंदींतून उभा राहिला. वर्षभराची वही समोर आली की आपल्या अंगणात मांजर कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आवरायचे हे परक्या देशाच्या अंदाजावरून ठरवावे लागणार नाही. शाळेतल्या मुलांनी हे काम हाती घेतले तर फारच चांगले. तोवर आजच करण्यासारखे एवढे: परळ उंच टांगा, मांजराला अंडे घाला, आणि भाटीची नसबंदी करून घ्या.